जेवढी धार, तेवढं हत्यार

यंदाच्या अंकाचा विषय 'हव्यास' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा सोनं, जमीन, खुर्ची यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील हे उघड होतं. माझ्या डोक्यात आली ती सुतारकामाची हत्यारं. लाकडाचा नाद लागलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. एक रंधा येतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, पटाश्यांचा संच येतो, करवती भिंतीवर चढतात आणि तयार वस्तू म्हणाल तर एखादं स्टूल, एखादा चौरंग. दारू-जुगारासारखा हा नाद घर बुडवत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी फारसं गंभीरपणे पाहत नाही. पण हातानं काहीतरी घडवावं ही माणसाची फार जुनी भूक त्याच्या मुळाशी आहे. ती भूक घडवण्याऐवजी खरेदीवरच का भागवली जाते, हे मला बघायचं होतं.

त्यासाठी आटपाडी गाठली. सांगली जिल्ह्यातला हा माणदेशी तालुका पर्जन्यछायेतला. शेतीचा भरवसा नसल्यानं इथली माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी बाहेर पडली, त्यातली काही पैसा गाठीला बांधून परतली. आणि ज्यांनी बलुत्यावर काम केलं असे सुतारही इथं अजून आहेत. पिशवीभर हत्यारांवर जन्म काढलेला माणूस आणि दुकानभर हत्यारं विकत घेऊ शकणारा माणूस एकाच पेठेत भेटतात, अशी ही जागा.

भिंतीवरचे रंधे

विट्याहून भिवघाटमार्गे आटपाडीकडे येताना पूर्वी माळ, बाभळी आणि मेंढरं एवढंच दिसायचं. आता टेंभू योजनेचं पाणी आल्यावर डाळिंबाच्या बागा दिसतात आणि बागांच्या कडेला बंगले. यातले बरेच गलाईच्या पैशातून उभे राहिलेले आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या टापूतली हजारो माणसं देशभरातल्या सराफ कट्ट्यांवर गलाईचा धंदा करतात. जुने दागिने, तुकडे, घासकामातला चुरा मुशीत वितळवायचा आणि त्यातून शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची, हे ते काम. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात चौकशी केली तर सांगलीकडचा गलाईवाला भेटतो.

अशाच एका गृहस्थांच्या शेडमध्ये मी गेलो. तमिळनाडूतलं दुकान मुलाच्या हाती देऊन ते गावी परतलेत. आयुष्यभर विस्तवाजवळ बसलेल्या माणसाला उतारवयात लाकूड हवंसं वाटलं. बंगल्याच्या मागं पत्र्याची शेड आहे. एका भिंतीवर फळी ठोकून रंधे ओळीनं मांडलेत: तळहातात मावणाऱ्या छोट्या रंध्यापासून हातभर लांबीच्या रंध्यापर्यंत. खाली ६ मिलिमीटरपासून ३८ मिलिमीटरपर्यंतच्या पटाश्या, टोकावर प्लॅस्टिकच्या टोप्या अजून तशाच. कोपऱ्यात पट्टा करवतीचं यंत्र. विजेवर चालणारे दोन राउटर, त्यातला एक खोक्यातच. तयार वस्तूंमध्ये एक देवघर, दोन स्टुलं आणि नातीसाठी काढलेला, बाजूंच्या फळ्यांशी येऊन थांबलेला पाळणा.

त्यांनी एकेका खरेदीची गोष्ट सांगितली आणि त्यातून या ओढीचा मार्ग स्पष्ट झाला. पाळण्याच्या दोन फळ्या एकमेकींना जोडायच्या होत्या. कडा जुळेनात, मधून उजेड दिसायचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, त्यात कुणीतरी लांब रंधा वापरत होता. लांब रंधा मागवला. तरी कड उसवल्यासारखी निघायची. मग वाटलं, लाकूड घट्ट धरलं जात नाही, म्हणून शेगडा मागवला. मग वाटलं, रंधाच हलक्या प्रतीचा असेल, म्हणून त्याहून महाग रंधा आला. दर वेळी पार्सल फोडताना आता जमणारच अशी खात्री असायची आणि ती खात्री दोन-तीन दिवस टिकायची.

पुढं एकदा बंगल्याचं दार दुरुस्त करायला पेठेतले एक म्हातारे सुतार आले. त्यांनी भिंतीवरचा सगळ्यात स्वस्त रंधा उचलला, त्याचं पातं काढून अंगठ्याच्या पेरावर आडवं फिरवून पाहिलं आणि दगड मागितला. शेडमध्ये सगळं होतं, धार लावायचा दगड नव्हता. म्हाताऱ्यांनी आपल्या पिशवीतला काढला, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पातं घासायला बसले. पात्याची मागची बाजू दगडावर सपाट, पुढची बाजू एकाच कोनात, मनगट न हलवता. कडेला लोखंडाची बारीक लव आली ती बोटाला जाणवली, ती त्यांनी पालट्या बाजूनं काढली. मग मनगटावरचे केस त्या धारेनं उतरतात का ते पाहिलं. पातं बसवून त्याच फळीवर रंधा चालवला तर कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटलेली, आरपार दिसणारी साल निघाली. फळी फळीला चिकटवून धरली तर उजेड बंद.

"शेठ, रंध्याला काय झालेलं न्हाई. पातं तेवढं लावत जावा," एवढं बोलून ते दाराकडं वळले.

बाजारातून आलेल्या बहुतेक रंध्यांना आणि पटाश्यांना कारखान्यात घासलेली कड असते. लाकडावर चालावी अशी धार ती नसते, ती घेणाऱ्यानं लावायची असते. हे माहीत नसलं तर प्रत्येक नवं हत्यार मागच्यासारखंच फसतं आणि माणूस त्याच्या पुढचं शोधायला लागतो. या हव्यासाचं अर्धं इंजिन इथं आहे, असं मला त्या शेडमध्ये पटलं.

काम आधी, हत्यार मागून

त्या सुतारबाबांना भेटायला मी त्यांच्या घरी गेलो. पेठेत सगळे त्यांना आबा म्हणतात. पडवीत बाभळीचा ओंडका, त्यावर वाकसाच्या घावांची नक्षी झालेली. त्यांची पिशवी त्यांनी माझ्यासमोर उलटी केली. वाकस, किकरं, मोजक्या पटाश्या, एक लहान आणि एक मोठी करवत, रंधे, दोरी गुंडाळून कमानीनं फिरवायचा सामता, गुण्या, हातोडी, कानस, अंबूर. एवढ्यावर त्यांनी नांगर, कुळव, जू, बैलगाडीची चाकं, दारं, खिडक्या, पाळणे आणि गावातल्या कितीतरी घरांची आढी केली.

"आबा, एवढ्यात भागायचं?"

"न भागून काय करताय? काम आलं की त्या कामाचं हत्यार करून घ्यायचं. आधीच करून ठिवलं तर त्याला कामच येईना झालं, मग?"

हत्यार करून घ्यायचं म्हणजे लोहाराकडं जायचं. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा मिळाला तर उत्तम, कारण ते पोलाद चिवट. लोहार तो तापवून, ठोकून पटाशीचा आकार द्यायचा आणि मग तिला पाणी द्यायचा. तापवून एकदम पाण्यात बुडवलं की पोलाद काचेसारखं कडक होतं आणि घाव बसताच कड उडते. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं आणि घासून चकचकीत केलेल्या जागेवर रंग चढताना बघायचा. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग धारेपर्यंत पोचला की थांबायचं, निळा झाला तर पोलाद मऊ पडलं. तापमान मोजायचं साधन नसताना लोहाराचा डोळा हे मापन करायचा. झिजलेली कुऱ्हाड, फाळ किंवा वाकस शेवटून घ्यायलाही त्याच्याकडंच जायचं. मूठ सुतार स्वतः करायचा. बदल्यात लोहाराच्या भात्याची चौकट, घणाचे दांडे सुताराकडून. पैसा क्वचितच मधे यायचा.

शेतकऱ्याकडूनही वर्षाचं धान्य सुगीला मिळायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ही व्यवस्था तपशिलानं मांडली. आटपाडीचेच शंकरराव खरात यांच्या 'बारा बलुतेदार' या कथासंग्रहात त्याच व्यवस्थेतली माणसं भेटतात, तिच्यातला अन्यायही भेटतो. बलुत्याला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. धान्य किती मिळायचं ते पीक आणि मालकाची मर्जी ठरवायची, आणि दुष्काळात पहिली उपासमार बलुतेदाराची. आबांची पिशवी लहान राहिली यात शहाणपण होतं तशी गरिबीही होती.

तरी त्या पिशवीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तीत कामाविना आलेलं एकही हत्यार नव्हतं. पेरणीच्या कुरीचं चाडं हे त्याचं चांगलं उदाहरण. चाडं म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी, तिच्या बुडाशी नळ्यांसाठी भोकं. सगळी भोकं सारख्या रुंदीची आणि सारख्या उताराची हवीत. एखादं जरासं तिरकं गेलं तर त्या नळीत बी कमी उतरतं आणि शेतात एक ओळ विरळ उगवते. सुताराची चूक पुढं चार महिने सगळ्या गावाला बांधावरून दिसणार. चाड्यासाठी आबांनी किकऱ्याची एक अरुंद आवृत्ती लोहाराकडून मुद्दाम करून घेतली होती. चाडी गेली, ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं आली, ते हत्यार अजून पिशवीत आहे आणि आजही त्याला धार आहे.

लाकडी औतांची सद्दी संपायला सुरुवातही याच मुलखाशेजारी झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवायला घेतला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल या समजुतीनं शेतकरी तो घेईनात. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्या वेळी आटपाडीही औंध संस्थानातच होती. नांगर कारखान्यातून येऊ लागला आणि सुताराच्या वर्षभराच्या कामातला मोठा वाटा हळूहळू निघून गेला. हत्यारं तशीच राहिली, काम आटलं. आज शौकीन माणसाच्या शेडमध्ये जे दिसतं ते आबांच्या पिढीनं वेगळ्या वाटेनं भोगलंय: हातात हत्यार आणि समोर काम नाही.

पातं फेकायचं, लावायचं नाही

आबांचा नातू सुतारकामच करतो. त्याचं लाकूड म्हणजे प्लायवूड, एमडीएफ आणि वरून चिकटवायचा सनमायका. त्याच्या बॅगेत ड्रिल, हातातली गोल करवत, जिगसॉ, ट्रिमर, विजेवरचा रंधा आणि खिळे मारायची बंदूक आहे. आजोबांच्या पिशवीतलं त्याच्याकडं फारसं काही नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. प्लायवूडच्या थरांमधला चिकट पदार्थ पोलादाची धार पाहता पाहता खातो. हातरंध्यानं प्लायची कड तासत बसला तर दिवसातून कितीदा तरी दगड काढावा लागेल. ज्या घरमालकाला दिवाळीच्या आधी स्वयंपाकघर हवंय तो तेवढं थांबत नाही.

नातवाबरोबर मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. त्यानं एक करवत हातात दिली आणि दात दाखवले. टोकं काळसर निळी. हे दात विजेच्या साहाय्यानं झटक्यात तापवून कडक केलेले असतात. इतके कडक, की कानस त्यांच्यावरून घसरते. करवत नेहमीपेक्षा जास्त दिवस चालते, पण एकदा बोथट झाली की संपली. जुन्या करवतीला तिकोनी कानशीनं एकेक दात घासून, एक उजवीकडं आणि एक डावीकडं वाकवून पुन्हा नवी करता यायची. तिचं पातं झिजून अरुंद होईपर्यंत ती माणसाबरोबर राहायची. विजेच्या रंध्याचं पातंही दोन्ही बाजूंनी वापरून फेकायचं असतं. गोल करवतीच्या दातांना कार्बाइडचे तुकडे डकवलेले, त्यांची धार घरच्या दगडावर लागत नाही, त्यासाठी शहरातला यंत्रवाला गाठावा लागतो. पाठवायचा खर्च आणि खाडा धरला तर नवं पातं परवडतं.

वेळ वाचवणारी ही सोय खरी आहे. पण तिच्याबरोबर हत्यारावरची मालकीही थोडी निसटली. ज्याची धार आपल्याला लावता येत नाही ते आपण ठरावीक मुदतीसाठी वापरतो, आणि मुदत संपली की दुकानात परत जातो.

बॅटरीनं तर हे आणखी पक्कं केलं. पहिलं ड्रिल घेताना त्याच्यासोबत दोन बॅटऱ्या आणि चार्जर येतो. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या हत्यारात बसत नाही. त्यामुळं दुसरं हत्यार त्याच कंपनीचं घ्यावं लागतं, आणि ते बॅटरीविना स्वस्त मिळतं म्हणून घ्यावंसंही वाटतं. हाताशी बॅटरी आहे, मग ट्रिमर घ्या, सँडर घ्या, छोटी साखळी करवत घ्या. काही वर्षांनी बॅटरी दम धरेनाशी होते, तोवर घरात सहा-सात हत्यारं तिच्या भरवशावर बसलेली असतात, म्हणजे पुन्हा तीच बॅटरी. नातवानं पहिलं ड्रिल घेतलं त्याच दिवशी पुढच्या पाच-सहा खरेद्यांची दिशा ठरून गेली होती.

एक अंक मधेच सुटला की

कंपन्यांना ही ओढ विजेच्या कितीतरी आधी कळली होती. आज जगभरच्या दुकानात मिळणारा लोखंडी रंधा मुळात लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराच्या रचनेवरचा. स्टॅन्ली कंपनीनं १८६९ साली त्याचे हक्क घेतले. तिनं रंध्यांना अंक दिले, १ ते ८. चार नंबर गुळगुळीत करायला, पाच नंबर खडबडीत कामाला, सात-आठ नंबर लांब कडा सरळ करायला. मधे साडेचार आणि साडेपाचही आले. अंकांची गंमत अशी, की चार आणि पाच घरात असले तर साडेचारची जागा रिकामी दिसायला लागते. आटपाडीच्या त्या शेडमध्येही ओळ तशीच लावलेली होती, आणि कुठला नंबर यायचा राहिलाय हे शेठना तोंडपाठ होतं. १८९७ च्या सुमारास कंपनीनं ५५ नंबरचा रंधा काढला. सोबत पन्नासहून अधिक पाती, गोलाई, खाच, नक्षी सगळं एकातच. जुळवायला इतका किचकट, की त्यातले बरेच आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात जवळजवळ कोऱ्या पात्यांसकट निघतात.

इंग्लंडमध्ये रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात एक पेटी आहे. १७९६ च्या डिसेंबरात एका बापानं बेंजामिन सीटन या आपल्या मुलाला लंडनच्या ख्रिस्टोफर गॅब्रिएल या हत्यारवाल्याकडून सुतारकामाचा भरगच्च संच घेऊन दिला. मुलानं पुढच्या वर्षी त्यासाठी सुरेख पेटी केली. त्यानंतर ती हत्यारं फारशी वापरली गेली नाहीत. म्हणूनच ती आज अभ्यासकांना अनमोल वाटतात. अठराव्या शतकातली झिजलेली हत्यारं फेकली गेली, न झिजलेली संग्रहालयात पोचली. संग्रहालयासाठी हे भाग्याचं झालं. हत्याराच्या बाजूनं पाहिलं तर दोनशे वर्षांचा उपास.

मग पुरेसं म्हणजे किती? जपाननं याचं उत्तर मोजून काढलंय. १९४३ साली तोक्योत लाकडी घरं बांधणाऱ्या सुतारांच्या हत्यारांची पाहणी झाली. उत्तम दर्जाचं सगळं काम करायचं तर १७९ हत्यारं लागतात, आणि अगदी काटकसरीनं निभवायचं तर ७२, असं त्यात नोंदलं गेलं. १७९ पैकी पटाश्याच ४९ आणि रंधे ४०. कोबे शहरातल्या ताकेनाका संग्रहालयात तो संच मांडलेला आहे. आकडा मोठा वाटतो, पण त्यातलं प्रत्येक हत्यार कुठल्या ना कुठल्या सांध्यासाठी आहे. आणि तिथला शागीर्द पहिली काही वर्षं झाडलोट आणि धार लावणं यातच घालवायचा. १७९ हत्यारं बाळगायचा अधिकार १७९ हत्यारांना धार लावून मिळायचा.

संख्येत खोट नसते, हे मला त्या यादीनं शिकवलं. ४० रंधे असलेला माणूस हावरा असेलच असं नाही, आणि चार रंधे असलेला संयमी असेलच असं नाही.

मिरजेची शिकलगार घराणी

धारेतूनच एक अख्खी कला जन्मली, तीही याच जिल्ह्यात. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले पाजळणारे. इंग्रजी अंमलात तलवारींचं काम थांबलं. मिरज संस्थान पटवर्धनांचं, गाण्याला आश्रय देणारं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि त्यातून सतार-तंबोरा घडवण्याची परंपरा उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठे वाळलेले भोपळे टांगलेले असतात. भोपळ्याला तून लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, वर लाकडाची तबली बसवायची, नक्षी कोरायची. सगळ्यात शेवटचं काम जवारीचं. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिच्या माथ्याला जवळजवळ न दिसणारा उतार द्यायचा. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा कानस फिरवतो. एक घास जास्त झाला तर स्वर बसका होतो, कमी पडला तर बंद. कुठलंही मोजमापाचं साधन हे ठरवू शकत नाही. त्या क्षणी कारागिराकडं एक कानस, एक तार आणि आयुष्यभराचा कान एवढंच असतं.

तलवारीची धार ओळखणारी बोटंच घोडीचा उतार ओळखायला शिकली. हत्यारं बदलली, धंदा बदलला, पण धातूची कड वाचण्याचं कसब घरात राहिलं आणि त्या कसबानं नवा धंदा उभा केला. नव्या हत्यारांची पेटी विकत घेऊन हे झालं नसतं.

पंधरा हजारांची पेटी

सरकारही हत्यारं देतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार अशा १८ पारंपरिक व्यवसायांची नोंद आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, पुढं ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि मग २ लाख रुपयांचं कर्ज. ज्याच्याकडं विजेची हत्यारं घ्यायला कधीच पैसे जमले नाहीत त्याला ही मदत मोलाची आहे. हव्यासावर प्रवचन ऐकवायचं तर ते अशा माणसाला ऐकवू नये. पाच घरांची कामं सांभाळणाऱ्याला दुसरं ड्रिल म्हणजे पोटाची सोय आहे.

त्याच्या खरेदीचा हिशेबही सरळ असतो. नातवानं मला तो सांगितला. एखादं हत्यार आधी ओळखीच्या कारागिराकडून दोन दिवस मागून आणायचं. तिसऱ्यांदा मागायची पाळी आली की विकत घ्यायचं. "तिसऱ्यांदा मागाय गेलं की समोरचा तोंड वाकडं करतोय, तवा कळतं आपल्याला ते लागतंय," तो म्हणाला. मला ही कसोटी फार व्यवहारी वाटली. तीत गरज, शेजार आणि लाज तिन्ही हजर आहेत. एकट्यानं मोबाइलवर रात्री केलेल्या खरेदीत यातलं काहीच नसतं.

आता आबा, नातू आणि शेठ यांच्यात एक देवाणघेवाण सुरू आहे. नातवाला जाड लाकूड फाडायचं असलं की तो शेठच्या शेडमधली पट्टा करवत वापरतो. बदल्यात आबा शेठना धार लावायला शिकवतात. पाळणा पुरा झालाय. मी पुन्हा गेलो तेव्हा शेठ पटाश्यांच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढून एकेकीची मागची बाजू दगडावर सपाट करत होते. सगळ्या पुऱ्या व्हायला बराच काळ जाईल असं ते म्हणाले, आणि मधल्या काळात नवं काही मागवायची आठवण झाली नाही, असंही.

हव्यासाच्या बाजूनं

या ओढीची टवाळी करावी असं मला वाटत नाही. चांगली पटाशी हातात घेतली की काहीतरी करावंसं वाटतं, आणि असं वाटणारी माणसं समाजात जितकी जास्त तितकं बरं. शेठ निवृत्तीनंतर नुसते कट्ट्यावर बसले असते, तर आबांच्या विद्येला शिष्य मिळाला नसता. हत्याराच्या देखणेपणाची भुरळ पडणं हे ते घडवणाऱ्या लोहाराच्या, कारखान्यातल्या कामगाराच्या कसबाला दिलेली दादच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊन, हळदीकुंकू लावून पुजतो, ती याच आदरानं.

घात होतो तो दोन ठिकाणी. हत्यार कामाच्या आधी येतं तेव्हा, आणि धार दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा. पहिल्यावर उपाय नातवाच्या कसोटीत आहे. दुसऱ्यावरचा उपाय दगड. एका पात्याला नीट धार लावायला नवशिक्याला अर्धा-पाऊण तास लागतो. भिंतीवरच्या सगळ्या पात्यांचा हा हिशेब मांडला की आपल्याला किती हत्यारं सांभाळता येतील याचा आकडा आपसूक हाती येतो. तो ज्याचा त्याचा वेगळा असेल. ज्याला रोज तासभर दगडापाशी बसवतं त्यानं खुशाल ४९ पटाश्या घ्याव्यात.

गावापुरतं बोलायचं तर मार्ग आणखी सोपा आहे. शेतीच्या यंत्रांसाठी महाराष्ट्रात गावोगाव अवजार बँका निघाल्या. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र प्रत्येकानं घ्यायची गरज नाही, भाड्यानं मिळतं. सुतारकामाच्या पट्टा करवतीला, जाडी काढायच्या यंत्राला, मोठ्या शिकंज्यांना हेच लागू आहे. वर्षातून चार दिवस लागणारी यंत्रं गावाची असावीत, रोज लागणारी हत्यारं ज्याची त्याची. तालुक्याच्या ठिकाणी अशी एक शेड निघाली तर आबांसारख्यांना तिथं मानानं बसवता येईल, आणि शाळेतल्या पोरांना सुट्टीत रंधा चालवायला मिळेल.

आणि सरकारच्या १५,००० रुपयांच्या पेटीत दोन गोष्टींची सक्ती करावी: एक भरड आणि एक बारीक दगड, आणि प्रशिक्षणातले किमान दोन दिवस फक्त धारेसाठी. खर्च वाढेल तो काही शे रुपयांचा. त्या दोन दिवसांत शिकलेला तरुण पुढं कुठलंही हत्यार घेवो, कमी घेवो की जास्त, ते त्याच्या हातात चालेल. सुतारकामात माणूस स्वतंत्र होतो तो त्या दिवसापासून, दुकानाच्या पावतीपासून नव्हे.